खाल्ल्या मिठाचा प्रश्न

(अल्फारेटा येथे भीमजयंतीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पेशाने डॉक्टर असल्यामुळे समितीकडून दरवर्षी आम्हांस एकच विषय मिळतो : मधुमेह आणि रक्तदाब. साखर कमी खा, मीठ कमी खा, एवढे सांगून आम्ही खाली उतरतो आणि आपण सर्वजण जेवणाच्या रांगेत उभे राहता. यंदा समितीची परवानगी काढून आम्ही विषय बदलून घेतला आहे. आजही बोलावयाचे आहे ते मिठाविषयीच. पण हे मीठ शिपायाच्या पानातले आहे.

याला कारण घडले ते गेल्या १ जानेवारीस. याच गावी आपण शौर्यदिनाचा कार्यक्रम केला. कोरेगावच्या विजयस्तंभाच्या प्रतिकृतीस वंदन झाले, भाषणे झाली. कार्यक्रमानंतर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणारी आपल्यातील एक मुलगी आमच्याजवळ आली. तिचे मराठी आपल्या मुलांचे असते तसेच, अर्धे इंग्रजीच्या आधाराने चालणारे. प्रश्न मात्र कुबड्यांवाचून उभा होता. ती म्हणाली, "काका, ती कंपनी तर परकी होती ना? मग आपले लोक परक्या सत्तेचे भाडोत्री शिपाई झाले, याचा आपण सण कसा करतो? पाकिस्तानात, ब्रह्मदेशात सेनापतींनी परक्यांच्या मदतीने सत्ता बळकावली, तर आपण नावे ठेवतो."

आम्ही पेशवाईतील जाचाचे वर्णन करून तिला उत्तर दिले. तिने ते नम्रपणे ऐकून घेतले. या काकांकडे उत्तर नाही असे ठरवल्यावर आपली मुले ज्या नम्रपणे ऐकतात, त्याच नम्रपणे. गेले तीन महिने ते आमच्या मनाला लागून राहिले. आजचे हे भाषण म्हणजे तिला दिलेले उशिराचे उत्तर होय.

प्रथम परक्या फौजेविषयी. ती महाराष्ट्रात कोणी आणली? २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला. बाजीराव पळाला तो इंग्रजांच्या आश्रयास वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तहावर सही केली. कंपनीचे किमान ६,००० पायदळ पेशव्याच्या मुलखात कायमचे राहावयाचे. त्याच्या खर्चासाठी सुमारे २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीस तोडून द्यावयाचा. आणि इतर राज्यांशी कोणताही व्यवहार कंपनीला विचारल्यावाचून करावयाचा नाही. हीच ती तैनाती फौज. तिचा खर्च पेशव्याच्या रयतेने भरावयाचा, हुकूम मात्र कंपनीचा. शिरूरची छावणी या व्यवस्थेतून उभी राहिली.

याच शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावात पेशव्याच्या फौजेशी तिची गाठ पडली. वसईच्या तहास त्या रात्री बरोबर १५ वर्षे पूर्ण होत होती. कंपनीच्या सुमारे ८०० लोकांत आपले महार शिपाई मोठ्या संख्येने होते. इतर जातींचेही होते, हे सांगितले पाहिजे. समोर पेशव्याच्या बाजूने गावात शिरून लढणाऱ्यांत अरब शिपायांचा भरणा होता. तेव्हा एक बाजू स्वदेशी आणि दुसरी परकी असे जे चित्र रंगवले जाते, ते त्या दिवशी कोरेगावात कोणास दिसले नसते. पगारी शिपाई दोन्हीकडे होते. त्याआधी महादजी शिंद्यांनी उभारलेली कवायती पलटणेदेखील द बॉयन आणि पेराँ या परदेशी सरदारांच्या हाती होती. १८०३ च्या युद्धाला तोंड लागताच पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. रोग्याला स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ दिल्या, तर त्याच्या शरीरातील ग्रंथी तो स्राव स्वतः निर्माण करणे बंद करतात. बाहेरून मिळते आहे, मग आतून कशाला? रोगी टवटवीत दिसतो, त्याला भूक लागते, नातेवाईक डॉक्टरचे आभार मानतात. पण गोळी एकाएकी बंद केली की तो कोसळतो. बाजीरावाच्या दरबाराचे नेमके हेच झाले. आपल्या सरदारांची मर्जी राखणे, रयतेला विश्वासात घेणे, हे जे राज्याने आतून निर्माण करावयाचे असते, त्याची त्याला गरजच उरली नव्हती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा. भारतीय घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी जे समारोपाचे भाषण केले, त्यात मिळालेले स्वातंत्र्य पुन्हा जाईल काय, ही चिंता त्यांनी बोलून दाखवली. त्यासाठी त्यांनी दिलेले दाखले आमच्या विषयाशी अगदी जोडलेले आहेत. सिंधच्या दाहिर राजाचे सेनापती महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेऊन लढण्यास नकार देतात. इंग्रज शिखांचे राज्य बुडवीत असताना त्यांचा प्रमुख सेनानी गुलाबसिंग स्वस्थ बसतो. म्हणजे परक्यांशी संधान बांधणाऱ्या सेनानींना बाबासाहेबांनी देशाच्या नाशाचे कारण मानले. आणि तेच बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभास मानवंदना देण्यास गेले होते. हा विरोध आपण लपवू नये. त्या मुलीला तो दिसला, हे तिच्या शिक्षणाचे सार्थकच म्हणावे लागेल.

तथापि विचार केला असता हा विरोध मावळतो. दाहिरचे सेनापती आणि गुलाबसिंग हे राज्याचे भागीदार होते. जहागिरी, मानमरातब, दरबारातील आसन, सारे त्यांना होते. त्यांनी जे विकले ते त्यांच्या हाती विश्वासाने सोपवलेले होते. कोरेगावच्या महार शिपायाच्या हाती पेशव्याच्या राज्याने काय सोपवले होते? ज्याला घराच्या ओसरीवरही येऊ दिले नाही, तो घरभेदी कसा ठरेल? १९३१ च्या ऑगस्टमध्ये मणिभवनात गांधीजींची भेट झाली, तेव्हा आपणांस मायभूमीच नाही, असे बाबासाहेबांनी त्यांना ऐकवले ते याच अर्थाने.

जॉर्जियात वाढलेल्या मुलांना ही गोष्ट येथील इतिहासातून अधिक लवकर कळेल. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीरनामा काढला की, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र उचलतील ते मुक्त होतील. शेकडो काळे लोक धावत गेले. ज्या जॉर्ज वॉशिंग्टनचे चित्र आपण डॉलरवर रोज पाहतो, त्याच्याविरुद्ध ते लढले. त्यांना देशद्रोही म्हणावे काय? मुलांनो, हा प्रश्न आपल्या शिक्षकांना विचारा आणि ते जे उत्तर देतील ते कोरेगावला लावून पाहा.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही; आमचे जानेवारीचे उत्तर अपुरे पडले ते येथेच. परक्याचे मीठ आपल्या लोकांना काही काळ लाभले. पलटणीच्या शाळांतून सैनिकांची मुलेमुली लिहू-वाचू लागली. सुभेदार रामजी अशाच शाळेत मुख्याध्यापक होते आणि महूच्या छावणीत १८९१ साली बाबासाहेब जन्मले. परंतु त्याच सुमारास लढाऊ जातींचा सिद्धान्त निघाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' हा शेवट असलेली आपली नावे कोरून ठेवणाऱ्या सरकारने आपणांस अशी वागणूक दिली. मीठ देणाऱ्याच्या खजिन्यावर ज्याचा हक्क नसतो, त्याच्या इमानाची किंमत देणारा ठरवील तेवढीच.

बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. पहिल्या गोलमेज परिषदेत, १९३० साली, त्यांनी इंग्रजांच्या तोंडावर विचारले की, तुम्ही आलात त्यापूर्वी आम्हांस सैन्याचे दार बंद होते, ते आज तरी उघडे आहे काय? पुढे १९४१ च्या जुलैत ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आमचे आजोबा १९४२ साली कामठीला भरती झाले. त्यांच्या टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो जाऊन त्या जागी खंजीर आला. आजोबांनी भरतीच्या वेळी इंग्लंडच्या राजाच्या नावाने शपथ घेतली आणि निवृत्त झाले ते एका गणराज्याचे सैनिक म्हणून. मधल्या काळात गणवेश, छावणी, कवायत फारशी बदलली नव्हती. मग बदलले काय, हे आम्ही लहानपणी त्यांना विचारले होते. "आता पगार आपल्याच खिशातून येतो," एवढेच ते म्हणाले. त्या वेळी आम्हांस ते उत्तर साधे वाटले होते.

वस्तुतः संपूर्ण राज्यघटनेत सैन्याविषयी जे आहे, त्याचे मर्म या एका वाक्यात आले. अनुच्छेद ५३ ने संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले, पण त्याचा वापर कायद्याने नियमित करावयाचा असे बंधन घातले. खर्च लोकसभेने मंजूर करावयाचा. दिल्लीतील सरसेनापतींचा प्रशस्त बंगला पंतप्रधानांचे निवासस्थान झाला. १९५५ साली सरसेनापती हे पदच रद्द होऊन तिन्ही दलांचे तीन समान प्रमुख झाले. बाबासाहेबांनी तर त्याही आधी, 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथात, भरवशाच्या सरहद्दीपेक्षा भरवशाचे सैन्य महत्त्वाचे, असा विचार मांडला होता. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना केलेल्या निवेदनात त्यांनी हिशेबच मांडला : वर्षाचे उत्पन्न ३५० कोटी रुपये आणि त्यातील सुमारे १८० कोटी सैन्यावर. मित्र गमावणाऱ्या परराष्ट्रनीतीचे हे फळ, असे त्यांचे म्हणणे होते. ते अमेरिकेशी मैत्रीच्या विरुद्ध नव्हते. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी नेहरूंच्या तटस्थतेवर कडक टीका केली, हे आपल्यातील काही डाव्या मित्रांना गैरसोयीचे वाटते. परंतु त्यांचा आग्रह हा, की परक्या राष्ट्राशी नाते जोडावयाचे ते संसदेने, उघड चर्चा करून.

पाकिस्तानात हे उलट झाले आणि त्याची हळहळ आपल्याला अधिक वाटावी. कारण त्या राष्ट्राच्या पायाभरणीत आपला एक माणूस होता. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जोगेंद्रनाथ मंडल. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे ते हंगामी अध्यक्ष होते आणि त्या देशाचे पहिले कायदेमंत्रीही तेच. दोन शेजारी देश, दोघांचे पहिले कायदेमंत्री एकाच पक्षातून आलेले! मंडल ऑक्टोबर १९५० मध्ये निराश होऊन, राजीनामा देऊन भारतात आले. पाकिस्तानची घटना १९५६ साली झाली आणि १९५८ साली जनरल आयूब खानांच्या सत्ताग्रहणात मोडली गेली. मध्ये काय घडले? १९ मे १९५४ रोजी अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार झाला. पाठोपाठ सीटो आणि बगदाद करार. पुढे पेशावरच्या तळावरून अमेरिकेची टेहळणी विमाने उडू लागली. १ मे १९६० रोजी रशियाने पाडलेले विमान तेथूनच निघाले होते. आणि प्रौढ मताधिकारावर पाकिस्तानातील पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९७० साली. हा क्रम ध्यानात घ्यावा. सैन्याला परके मीठ १९५४ ला मिळाले, जनतेला मत त्यानंतर सोळा वर्षांनी. जो सेनापती आपल्या शिपायांचा दाणागोटा वॉशिंग्टनहून आणू शकतो, त्याला आपल्या शेतकऱ्याच्या मताची काय पर्वा? १९८१ साली सहा वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलरची मदत मंजूर झाली, ती जनरल झियांच्या राजवटीला. अफगाणिस्तानातून रशिया निघून गेल्यावर, १९९० साली, अणुबाँबचे कारण पुढे करून ती थांबली. आपल्या १११ व्या पलटणीची आठवण यावी, असेच हे.

हे सर्व दूरचे आहे असे कोणी समजू नये. येथून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मॅरिएटाचा लॉकहीडचा कारखाना आहे. भारतीय हवाई दलाची सी-१३० जे विमाने तेथेच बांधली गेली. लडाखच्या उंच धावपट्टीवर ती उतरली तेव्हा आम्हांसही अभिमान वाटला. १७ ऑगस्ट १९८८ रोजी बहावलपूरजवळ जे सी-१३० कोसळून जनरल झिया आणि त्यांच्यासोबत अमेरिकेचे राजदूत मरण पावले, तेही याच कारखान्याच्या जातकुळीचे. अल्फारेटाहून अडीच तासांवर कोलंबस गाव, तेथे फोर्ट बेनिंग. १९४६ साली पनामात निघालेली 'स्कूल ऑफ द अमेरिकाज' ही लष्करी शाळा १९८४ साली तेथे आली. पनामाचे नोरिएगा आणि अर्जेंटिनाचे हुकूमशहा गाल्तिएरी हे तिचे विद्यार्थी. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी एल साल्वाडोरमध्ये सहा जेसुइट धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची कोवळी मुलगी यांना सैनिकांनी ठार मारले; त्या सैनिकांपैकी अनेकजण या शाळेत शिकून गेलेले निघाले. १९९० पासून अनेक वर्षे दर नोव्हेंबरात हजारो माणसे हातात पांढरे क्रूस घेऊन त्या फाटकाशी उभी राहत आणि मृतांची नावे पुकारीत. २००१ साली शाळेचे नाव बदलले. शाळा चालू राहिली.

आम्ही या देशाचे नागरिक होऊन वीस वर्षे झाली. कर भरतो, मत देतो. आपल्यापैकी काहींची चूल संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर पेटते. त्यांना आम्ही दोष देत नाही, कारण आमच्या आजोबांचीही लष्कराच्याच पगारावर पेटत होती. परंतु कोरेगावच्या शिपायाला जी सबब होती ती आपणांस उरलेली नाही. त्याला भागीदारी नव्हती. आपल्याला आहे, आणि तीही दोन देशांत. अटलांटात ऑबर्न अॅव्हेन्यूवर ज्यांचे देऊळ आहे त्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केले, तेव्हा त्यांचेच सहकारी रागावले होते : आपले नागरी हक्क जेमतेम मिळू लागले आहेत, सरकारला कशाला दुखवता? ट्रुमन यांच्या २६ जुलै १९४८ च्या आदेशाने काळ्या सैनिकांना लष्करात समानतेचे दार उघडले होते. ज्या दाराने आपण आत आलो त्या घराविषयी बोलू नये, हा युक्तिवाद आपल्या घरांतूनही आम्ही ऐकतो.

शेवटी ब्रह्मदेशाविषयी, कारण मुलीने त्याचे नाव घेतले होते. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. नागपूरला १९५६ साली त्यांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर हे जन्माने आराकानचे. त्या बौद्ध देशात १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, १९८८ साली विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी सेनापतींनी निवडून आलेले सरकार पुन्हा उलथले. त्यांच्या शस्त्रांचा पुरवठा मुख्यतः चीन आणि रशियाकडून. देश बौद्ध आहे म्हणून सैन्य आपोआप सुधारत नाही, हे कबूल करणे आम्हांस जड जाते. २०१७ साली रोहिंग्यांची गावे जळत होती तेव्हा सेनापतींची पाठराखण करणारे चीवरधारीही तेथे होतेच. पण त्याच देशात १९९० साली मंडालेच्या आणि २००७ साली अनेक शहरांच्या भिक्षूंनी आपली भिक्षापात्रे उपडी केली. विनयातील ही जुनी प्रथा आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या घरचे अन्न घ्यावयाचे नाही. म्हणजे दान केल्याचे पुण्य त्यांना मिळू द्यावयाचे नाही. सेनापती बायकामुलांसह विहाराच्या दाराशी भाताची भांडी घेऊन उभे आणि भिक्षू पात्र पालथे धरून समोरून निघून जात आहेत, हे दृश्य आम्ही पुष्कळदा डोळ्यांसमोर आणतो.

ती मुलगी आज तिसऱ्या रांगेत बसलेली आहे. आमचे उत्तर पुरले की नाही हे तिनेच सांगावे. जेवणापूर्वी प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेवला आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी नंतर भेटावे.

जयभीम.